टांझानियाचा ताप आणि नाझनीनचा निकाह

कापसातून सरकी काढाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्याचे किस्से रुईवानी असते. कितीही झाडा, संध्याकाळी कोपऱ्यात नवा ढीग! त्यात आम्ही दिग्रसचे फिटर. इथला कापसाचा सीझन संपला का आमची टोळी विमानानं टांझानियाले जाते, तिथल्या जिनिंगच्या मशिनी चालू करून द्याले. टोळीचे मिस्त्री शब्बीरभाई. अर्धा ढीग त्यायचाच!

*

तिकडं कंपनीनं सगळ्यायले औषध लावलेली मच्छरदानी देल्ली. शब्बीरभाईनं आपली मोटरीले गुंडाळली, आत रुई जाऊ नये म्हणून!

"अहो, मलेरिया झाला म्हणजे?"

"मोटर जळली तर मालक बोंबलते. मले ताप आला तर कोण बोंबलते?"

"भाभी!"

त्याच दिवशी मच्छरदानी खाटेवर आली.

*

तिथल्या ऑपरेटरचं नाव जुमा. एक दिवस मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यानं विचारलं, "तुमच्याकडं आहे का मलेरिया?"

शब्बीरभाई कायले मागं राहतात! "आमच्या पांढरकवड्याच्या जंगलात ये, मच्छर दाखवतो!"

जुमा दोन पावलं मागं सरकला. "मग इकडं येताना तुमचं रक्त कोणी तपासलं?"

इतके दिवस आम्हीच तिथल्या लोकायले भेत होतो!

*

परत आलो तर घरी शब्बीरभाईच्या पोरीच्या, नाझनीनच्या निकाहची गडबड. अन् यायले थंडी वाजून ताप! मच्छरदानी लावूनही डसलाच एखादा. मी त्यायले दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, "बाहेरगावी कुठे गेला होता?"

"पुसदले!"

बाहेर येऊन माह्यावरच चिडले. "टांझानिया सांगितलं तर कोरोनावानी गल्लीले पत्रे ठोकतील. पोरीचा निकाह काय पत्र्यामागं लावू?"

व्हायरलच्या गोळ्या घेऊन घरी गेले.

*

ताप वाढला, माणूस बडबडाले लागला. मी आपला व्हायरलच्या गोळ्याच शोधत बसलो. रेहानाभाभीनं मात्र नवऱ्याले ऑटोत घातलं अन् सरळ डॉक्टरच्या केबिनमध्ये घुसली.

"डॉक्टरसाब, हे पुसदहून नाही आले, आफ्रिकेतून आले!"

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. रक्त तपासलं. मलेरिया, तोही मेंदूवर जाणारा! तसंच उचलून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

*

आरोग्यवाले गल्लीत आले. कायचे पत्रे! पाण्याच्या टाक्या धुवाले लावल्या, फवारणी केली, सगळ्यायचं रक्त घेतलं. कोणालेच मलेरिया निघाला नाही.

तिकडं वॉर्डात शब्बीरभाई शुद्धीवर आले तर भोवती डॉक्टरकी शिकणारी पोरं. "काका, प्रवासाबद्दल सांगा ना." काकानं मशिनीच्या बेअरिंगपासून सुरू केलं. मोठे डॉक्टर राउंडवर येऊन कंटाळून गेले, तरी बेअरिंगच चालू!

*

निकाहचा दिवस. वरात दारात, बिर्याणी तयार, काझीसाहेब बसलेले. अन् पडद्यामागं नाझनीन हट्टाले पेटलेली.

"अब्बाचा रिपोर्ट साफ होऊन अब्बा घरी आल्याबिगर मी कबूल म्हणणार नाही!"

नवरदेवाकडचे घड्याळ पाहून राह्यले. मी उगाच सगळ्यायले सरबत पाजून राह्यलो.

तेवढ्यात गाडी थांबली. भाभीच्या खांद्यावर हात ठेवून शब्बीरभाई उतरले. वाळून अर्धे झालते, पण आवाज तोच.

"रिपोर्ट निल! एक बी जंतू नाही!"

मांडवात टाळ्या, शिट्ट्या! अन् पडद्यामागून त्याच्याहून मोठा आवाज, "कबूल है!"

काझीसाहेब पाहतच राह्यले.

"बेटी, पहले पूछने तो दे!"