अनसामावशीचं दुकान

नवीन गिऱ्हाईक आलं की अनसामावशी सुरी हातात घ्यायच्या आधी विचारायची, "घरात दातवालं किती, बिनदाताचं किती?" माणूस गोंधळायचा. मटण किती पाहिजे ते विचारायचं सोडून ही खाटकीण दात काय मोजतेय? पण तिचं म्हणणं सरळ होतं. घरात म्हातारं किंवा लहान पोर असलं की ती मऊ जागेचं मटण वेगळं काढून द्यायची. "म्हातारीनं नुसता रस्सा वरपायचा आन् बाकीच्यांनी फोडी खायच्या, आसलं मटण माज्या दुकानात मिळत न्हाई."

तिच्यापर्यंत मी पोहोचले ती साताऱ्यातल्या बाकीच्या दुकानांत भांडून. नवरा पलटणीत, म्हणून मुलांच्या शाळेसाठी आम्ही माण तालुक्यातलं गाव सोडून साताऱ्यात बिऱ्हाड केलं होतं. रविवारचं मटण आणायचं माझ्याकडं आलं. बाईमाणूस रांगेत दिसलं की शहरातल्या खाटकांना वाटायचं, हिला काय कळतंय! एकानं म्हातारी शेळी बोकड म्हणून गळ्यात मारली, दुसऱ्यानं नुसती मान आणि चरबी पिशवीत कोंबली. माझा बाप जन्मभर शेळ्यामेंढ्यांमागं हिंडलेला. मला शेळी आणि बोकड ओळखता येत नाही? मी पिशवी तिथंच त्यांच्या ओंडक्यावर उलटी केली आणि घरी येऊन पिठलं केलं.

मावशीशीही पहिल्याच दिवशी वाजलं. तिनं तराजूत चरबीचा गोळा टाकला आणि मी म्हणाले, "ती काढा."

"ती चव हाय, बाई. आदी ती कढईत टाक, तिच्यातच मसाला परत. न्हाई आवडलं तर उद्या येऊन माज्या तोंडावर मार."

त्या दिवशी मुलांनी पातेलं पुसून खाल्लं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेले आणि कौतुक करायचं सोडून म्हणाले, "चरबी जरा जास्तच होती." मावशी खळखळून हसली. "लय आडमुठी हायस गं. बस, च्या घे." तेव्हापासून तिनं माझं नाव विचारलंच नाही. मी तिची ‘भांडखोर’ झाले.

भांडणात ती माझ्याहून सरस होती. तिचा नवरा वारला त्याच महिन्यात दीर दुकान विकायला निघाला. बाईच्या हातात सुरी शोभते का, असं त्याचं म्हणणं. मावशी म्हणाली, "घरात इळी चालती, दुकानात सुरी चालत न्हाई व्हय?" आणि शटर वर केलं. समोर नवी इमारत झाली. तिथल्या लोकांना बाल्कनीतून टांगलेलं बोकड दिसायला लागलं, तेव्हा ते काळी काच बसवा म्हणून सांगायला आले. त्यांना तिनं चहा पाजला आणि वाटेला लावलं. "झाकून इकायला ती काय दारू हाय? बोकड हाय का शेळी, ते गिऱ्हाइकाला दिसाय नको?" त्यांच्यातलेच निम्मे पुढच्या रविवारी रांगेत उभे होते.

बोकड कापायला पहाटे हुसेनभाई मुलाणी यायचे. आमच्या भागात ही जुनीच रीत. जत्रा असो, जावळ असो, सुरी मुलाण्यानं फिरवायची, त्याचा वाटा त्याला द्यायचा आणि मग पंगत बसायची. मावशीच्या सासऱ्याच्या वेळेपासून हे काम हुसेनभाईंच्या घराकडं होतं. काम उरकलं की ते आतल्या बाजूला पोत्यावर बसून चहा घ्यायचे आणि गिऱ्हाइकं यायच्या आत निघून जायचे. माणूस अबोल. मी त्यांचा आवाजही धड ऐकला नव्हता.

गेल्या साली एका सकाळी मी मटण घेत असताना आळीतली चार पोरं आली. पुढं संदीप, पलीकडच्या गल्लीतला. म्हणाला, "मावशी, मुलाण्याला बंद करा. कापायला आमचा माणूस देतो. आन् दुकानावर पाटी लावा, हितं आपल्याच माणसाच्या हातचं मटण मिळतं म्हणून. न्हाईतर लोक येणार न्हाईत, सांगून ठेवतो."

मावशीनं सुरी खाली ठेवली. "संदीप, तुज्या जावळाचं बोकड हुसेननंच कापलंय. तुजा बा बोटं चाटून जेवला. तवा तुज्या घरातलं कोण बाटलं?"

पोरं निघून गेली, पण सांगितलं ते त्यांनी करून दाखवलं. पुढच्या रविवारी रांग नव्हती. वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं मान खाली घालून पलीकडून जात होती. त्याच दुपारी हुसेनभाई आले आणि उंबऱ्यापाशीच उभे राहिले.

"अनसा, माजं आता वय झालं. उद्यापासनं मी येत न्हाई. माज्यापायी तुजं दुकान बसाय नको."

"वय झालं म्हून येत नसशील तर नगं येऊ," मावशी कडाडली. "पर त्या पोरांना भिऊन घरात बसणार आसशील, तर मी बोकड आणून तुज्या दारात बांदीन. तितं काप."

हुसेनभाई दुसऱ्या दिवशी पहाटे आले. मला मात्र झोप लागत नव्हती. हे दुकान बसणार, हे मला दिसत होतं, आणि राग त्या पोरांपेक्षा मान खाली घालून जाणाऱ्यांचा जास्त येत होता.

त्या आठवड्यात मावशीनं पेंटरला बोलावलं. मी म्हटलं, "मावशी, शेवटी पाटी लावताय?" ती म्हणाली, "लावाय सांगितलीया न्हवं? मग लावाय पायजे."

रविवारी सकाळी पाटी वर गेली. पिवळ्यावर लाल, ठसठशीत:

कापणार : हुसेन मुलाणी
विकणार : अनुसया
खाणार : ज्याला पाहिजे तो

पाटीखाली, अगदी रस्त्यालगत, तिनं घरातली हातांची खुर्ची मांडली आणि हुसेनभाईंना तीत बसवलं. ते उठू लागले की ती खांदा दाबायची. "नाव लिवलंय तुजं. मानसांना तोंड बी दिसू दे."

समोर चहाच्या टपरीवर पुरुषांचा घोळका. सगळे वाचत होते, रस्ता ओलांडत कुणीच नव्हतं. संदीप मोटारसायकलवर पाय टेकून बसला होता. मीही पिशवी घेऊन त्याच बाजूला उभी होते. मग मी रस्ता ओलांडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मावशी, द्या. आज चरबी जास्त घाला."

मावशीनं चरबीचा गोळा तराजूत टाकला. तिनं मान वर केली नाही, पण डोळे पुसलेले मला दिसले. माझ्यामागं एक आजोबा आले, मग समोरच्या इमारतीतल्या दोघी. एवढेच. त्या दिवशी मटण खपलं नाही. उरलेलं मावशीनं घरी शिजवलं आणि हुसेनभाईंच्या घरच्यांना जेवायला बोलावलं.

तुटलेली पुष्कळ गिऱ्हाइकं परत आलीच नाहीत. आता नवरा निवृत्त झाला, आम्ही माणला परतलो, पण साताऱ्याला गेले की मी त्या दुकानावर जातेच. पूर्वी रविवारी तिथं दोन बोकडं लागायची, आता एकच असतं. खुर्ची मात्र रोज बाहेर असते, आणि तीत हुसेनभाई सगळ्यांसमोर चहा पीत बसलेले असतात.