चहाआधीचा अबोला

त्या वर्षी माझं डोकं एका जागी बसत नव्हतं. हात बसत नव्हते, पाय बसत नव्हते, स्टुडिओतल्या उंच स्टुलावर मी सारखी चुळबुळत असे. अंधेरीला साड्यांच्या छपाईची डिझाइनं काढायचं काम होतं आणि उमेदवारी चालू होती. मालक कागद उजेडात धरत आणि म्हणत, "ही कोयरी मी गेल्या महिन्यात पण बघितली ना?" मला राग यायचा, कारण ते खरं असायचं. दिवाळीच्या मालाची डिझाइनं निवडली जातील तेव्हा कोणाला कायम करायचं ते ठरणार होतं. वडिलांची गिरणी बंद पडून बराच काळ झाला होता. घरात येत होता तो फक्त माझा पगार, त्यामुळे नुसतं चुळबुळून भागणार नव्हतं.

संध्याकाळी मी चित्रकलेच्या वर्गाला जात असे. तिथल्या सरांनी कल्पकता वाढवायच्या सवयी सांगितल्या, डॉक्टरने औषध लिहून द्यावं तशा. रोज स्टेशनला वेगळ्या वाटेने जायचं. रोज काहीतरी डाव्या हाताने काढायचं. आणि सकाळी उठल्यावर, कोणाशी एक शब्दही बोलण्याआधी, एक कागद भरायचा. "लोकांचं बोलणं एकदा डोक्यात शिरलं की तुमचं स्वतःचं बाहेर पडत नाही," सर म्हणाले. वेगळ्या वाटेच्या नादात मी कांदिवलीतल्या एका गोठ्यामागे घोट्यापर्यंत शेणात रुतले आणि ते प्रकरण तिथेच संपलं. डाव्या हाताने काढलेला पेरू बघून आई म्हणाली, "बटाटा झकास जमलाय गं." राहिली ती तिसरी सवय.

ती लागू पडली, हीच पंचाईत. एका सकाळी ओट्यावर परातीत मोड आलेले वाल होते, आईने सोलायला काढलेले. कुठे मोड आत वळलेला, कुठे साल अर्धवट सुटलेलं. मी मुकाट्याने तेच काढत बसले. त्याची बुट्टी झाली, बुट्ट्यांचा काठ झाला. मालकांनी कागद उजेडात धरला आणि पहिल्यांदाच काही न बोलता बाजूला काढून ठेवला. त्यानंतर चहाच्या आधी मी तोंड उघडेनाच. दात घासले की खिडकीपाशी जाऊन बसायचं. कोणी काही विचारलं की तळहात वर करायचा, बस्स.

दोन खोल्यांच्या घरात हे चालावं कसं? वडील पहाटे दुधाच्या केंद्रावर रांग लावत. सगळा जन्म गिरणीतल्या साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात गेल्यामुळे ते बोलत ते मोठ्यानेच. बाटल्या ओट्यावर ठेवता ठेवता ते रांगेतली बित्तंबातमी सांगत. कोण मध्ये घुसलं, कोणाच्या मुलीचं जमलं, कोणाची सून काय म्हणाली, सगळं नकलांसकट. गिरणी गेल्यापासून त्यांच्या दिवसात घडायचं ते एवढंच. रात्री मी वर्गावरून येईपर्यंत ते झोपलेले असत, पहिल्या पाळीची सवय. आमची गाठ पडायची ती सकाळी, चहा घेऊन मी गाडी गाठायला पळेपर्यंत, आणि तेव्हा माझा तळहात वर.

सुरुवातीला ते वाक्य अर्ध्यावर तोडत. मग आईला हळू आवाजात सांगू लागले. पुढे पुढे बाटल्या ठेवून सरळ खाली निघून जाऊ लागले. मला वाटलं, चला, समजलं त्यांना. मी तर खूशच होते.

आमच्याकडे अबोला ही मोठी रीत होती, हे इथे सांगायला हवं. आई आणि वडील एकदा गणपतीपासून शिमग्यापर्यंत एकमेकांशी बोलले नव्हते. तेवढे दिवस त्यांची पोस्टमन मी. "सांग तुझ्या बाबांना, पान वाढलंय," असं आई म्हणायची आणि बाबा तिच्यापासून हातभर अंतरावर बसलेले असायचे. अबोल्यात निरोप चालतो, समोरासमोर शब्द चालत नाही.

एका रविवारी आई मुलुंडला मावशीकडे गेली होती. मी खिडकीत कागदावर वाकलेली. वडील स्वयंपाकघराच्या दारात आले आणि भिंतीकडे बघत आपल्या मालवणीत म्हणाले, "कोणी सांगितला तर मी कुकर लावतंय."

मी वळून पाहिलं. घरात आम्ही दोघंच. "बाबा, कोणाशी बोलताय?"

ते दचकले. "तू बोललंस?" मग आवाज चढला. "माझो काय गुन्हो झालो गो? गिरण काय मी बंद नाय केलंय!"

काय समजून बसले होते ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. मुलगी कमावते, बाप बसून खातो, म्हणून मुलीने अबोला धरला. हातातली पेन्सिल मी खाली ठेवली. मला संताप आला, की एवढे दिवस विचारलं का नाही? पण अबोल्यात विचारायचं कसं? मी त्यांना सर, सवयी, वाल, सगळं धडाधड सांगून टाकलं. "म्हणजे अबोलो नाय?" "नाही हो!" "मेल्या सरान माझी वाट लावल्यान," म्हणाले आणि हसले. माझं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या मौनाला पहारेकरी मिळाला. वडील बाटल्या वाजू नयेत म्हणून फडक्यात गुंडाळून आणू लागले. कुरकुरतो म्हणून पंखा बंद. पेपरवाल्याला जिन्यातच गाठून "श्श! चेडू काम करता." चेडू, म्हणजे त्यांची पोरगी, मी. आई वैतागली. "घरात कोणी गेल्यासारखे काय बसलात दोघं?" त्या शांततेत माझी एक रेघ धड येईना. पाठीमागे ते पाऊल दाबत चालले की मला ओरडावंसं वाटे. पण त्यांचा उत्साह बघून बोलवेना, आणि दिवाळीच्या निवडीपर्यंत आम्ही तसंच रेटलं.

वालाची बुट्टी छापायला गेली. मला कायम केलं.

दुसऱ्या सकाळी मी कागद घेतलाच नाही. बाबा आले, बाटल्या सोडवून ओट्यावर ठेवल्या. मी म्हटलं, "बाबा, आज केंद्रावर काय झालं?"

त्यांनी आधी आईकडे पाहिलं. मग जरा विचार केला. "काय नाय. दूध मिळाला."

"कोणी मध्ये घुसलं नाही? तुमच्या पुढे कोण होतं?"

"म्हायत नाय गो," ते म्हणाले. आवाज खाली, त्यांचा वाटेना असा. "सांगूक कोण नव्हता, म्हणान आयकूचाच सोडलंय."