कोटाच्या आधी भिंग

मास्तरांच्या दुकानाचा एक जुना रिवाज होता. शिवलेला कपडा अंगात घालून गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं, खांदे उडवून बघितले, हात वर-खाली करून झाले, की मास्तर म्हणायचे, "आता जरा स्टुलावर बसा." गिऱ्हाईक बसलं की खिशातून कॅमेरा काढून त्याचा एकच फोटो. दुसरा नाही. फोटो धुऊन आला की त्याच्या पाठीवर त्या माणसाची मापं लिहायची आणि खोक्यात अक्षराप्रमाणे लावून ठेवायचा. तीन वर्षांनी तोच माणूस परत आला तर मास्तर मापाच्या आधी फोटो बघत. टेप खांद्याची रुंदी सांगते, उजवा खांदा किती पडका आहे आणि माणूस बसला की पोट कुठे जातं, ते फोटो सांगतो, असं त्यांचं म्हणणं. शिंपी म्हणून ते चांगले होतेच, पण हे खोकं त्यांची खरी मिजास होती.

कॅमेरा रोलचाच, पण छोटा, कोटाच्या खिशात मावणारा. या जातीच्या कॅमेऱ्यात भिंगातून बघायचं नसतं. वर एका कोपऱ्यात बारकी खिडकी असते आणि तिच्या मधोमध फिकट पिवळा चौकोन. त्या चौकोनात समोरच्या माणसाची दोन चित्रं दिसतात. भिंगाची कडी फिरवत गेलं की ती सरकत सरकत एकमेकांवर येतात, आणि बरोबर बसली की फोकस झाला. चौकटीच्या कापडाची शिवण जुळवताना रेघेवर रेघ यावी लागते, अगदी तसंच. म्हणूनच मास्तरांना हा कॅमेरा आवडला होता. अकरा वर्षं त्यांनी तो कुणाच्या हाती दिला नव्हता, बायकोच्यासुद्धा नाही.

तर या कॅमेऱ्याने चार महिन्यांपूर्वी दगा द्यायला सुरुवात केली. एका शाळामास्तरणीचा फोटो आला तो असा, की मांडीवरच्या हातांची नखंसुद्धा मोजून घ्यावीत आणि चेहऱ्यावर मात्र धुकं. पुढच्या रोलमध्ये बेकरीवाल्याचे गुडघे झकास आले होते. बेकरीवाला कुठे होता ते बेकरीवाल्याला माहीत.

"भिंग गेलंय," मास्तरांनी निकाल दिला.

"अकरा वर्षं नाही गेलं ते?" बायकोने काजं करता करता विचारलं. दुकानातली काजं-बटणं तीच करायची आणि बोलायचीही तीच. "नाचता येईना अंगण वाकडं!"

ती नेहमीसारखी थट्टेत बोलली होती. मास्तरांना मात्र ते सुईसारखं टोचलं.

भिंगं मिळायची ती दोन गल्ल्या पलीकडे, एका बाईंच्या दुकानात. नवऱ्यामागे बाईंनी ते एकटीने चालवलं होतं. जुनी भिंगं विकायची, रोल धुऊन द्यायचे. सगळे त्यांना भिंगवाल्या बाई म्हणत. त्यांचाही एक रिवाज होता: भिंग आठवडाभर घरी न्या, एक रोल भरा, मग बोला. न बघता घेणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या सरळ हाकलून देत.

"माझं पन्नास मिलिमीटरचं भिंग कंटाळलंय," मास्तर म्हणाले. "दुसरं द्या."

"भिंग कंटाळत नाही, माणूस कंटाळतो," बाई म्हणाल्या, पण त्यांनी नव्वदचं काढून दिलं. "आकडा मोठा तितकं माणूस जवळ ओढतं. चेहऱ्याला छान. पण फोकस अगदी नेमका लागतो हं, केसभर चुकला तरी माफी नाही. आणा कॅमेरा, लावून देते."

"मी लावतो की!" मास्तरांनी कॅमेरा छातीशी धरला.

नव्वदच्या भिंगाने माफी केली नाही. छत्तीसपैकी चौतीस चेहरे गेले. उरलेल्या दोनांत एक बायकोचा होता, आणि तोही नशिबानेच नीट आला होता, कारण ती तेव्हा शिलाई मशीनवर पुढे वाकली होती आणि चुकलेला फोकस नेमका तिच्या चेहऱ्यावर पडला होता.

मग अठ्ठावीसचं आलं. हे रुंद बघणारं. समोरचा माणूस, त्याच्यामागचा आरसा, इस्त्रीचं टेबल, कोपऱ्यातली बादली, सगळं एका फोटोत. आणि सगळं स्पष्ट! माणूस लहान दिसे खरा, पण त्याला चेहरा होता. बायको म्हणाली, "झालं ना तुमच्या मनासारखं?"

मास्तर "हो" म्हणाले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

कारण अठ्ठावीसचं भिंग काय करतं ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. ढगळ कपडा जसा वाकडं अंग झाकतो, तसं रुंद भिंग फोकसची चूक झाकतं. चूक होतीच. दुकानाच्या दारात उभं राहून ते त्या खिडकीतून रस्त्याच्या टोकाचा दिव्याचा खांब बघायचे. कडी शेवटपर्यंत फिरवली तरी खांब दोनच दिसायचे. अकरा वर्षं तो एक होता.

मास्तरांना हे काम शिकवलं होतं त्यांच्या थोरल्या भावाने. दादाचा हात असा, की त्याने लावलेली बाही गिऱ्हाईक उलटी करून बघायचं. बासष्टाव्या वर्षी दादा एकदा म्हणाला होता, "समोरचा खांब दोन दिसतोय रे." मग त्याने चष्मा बदलला. मग पुन्हा बदलला. तिसऱ्या चष्म्यापर्यंत वर्ष गेलं आणि डॉक्टर म्हणाले, आता उशीर झाला. पुढची नऊ वर्षं दादा दुकानात खुर्चीवर बसून कापडं बोटांनी ओळखायचा आणि गिऱ्हाइकं त्याला शाबासकी द्यायची. ती शाबासकी मास्तरांना ऐकवत नसे.

मास्तरांना आता बासष्टावं चालू होतं. भिंगंही तीन झाली होती.

तसं पाहिलं तर सुईत दोरा ते अजून एका झटक्यात ओवत होते. पण दादाचीही जवळची नजर शेवटीच गेली होती. डॉक्टरकडे जायला पाय उचलत नव्हता. विचारलं तर उत्तर मिळणार, आणि उत्तर मिळालं की ते परत करता येत नाही.

एरवी त्यांनी हे गुपित वर्षभर खिशात ठेवलं असतं. पण फळीवर एक काळं कापड घडी करून पडलं होतं. लेक वकील झाली होती. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिला कोर्टात पहिल्यांदा उभं राहायचं होतं, आणि तो काळा कोट बाबांनी शिवायचा हे ती पाचवीत असतानाच ठरलेलं होतं. काळ्या कापडावर काळा दोरा. शिंप्याच्या डोळ्यांची याहून मोठी परीक्षा नाही. आणि कापड एकदा कापलं की कापलं.

"भिंगाचं एकदा मार्गी लागू दे, मग कोट," मास्तर म्हणायचे.

"कोटाचा आणि भिंगाचा काय संबंध?"

"फोटो नको का काढायला कोटाचा?"

असे तीन आठवडे गेले. मग एके दिवशी लेक दुकानात आली, घडी तशीच बघितली आणि फार जपून म्हणाली, "बाबा, दगदग होत असेल तर मी तयार कोट घेते. नंतर निवांत शिवा तुम्ही."

तिने चांगल्या मनानेच विचारलं होतं. पण मास्तरांनी तो आवाज ओळखला. दादाशी लोक याच आवाजात बोलायचे.

"दोन दिवस थांब," ते म्हणाले, आणि कॅमेरा घेऊन तडक बाईंच्या दुकानात गेले.

"हे अठ्ठावीसचं घेतो. पन्नासचं तुम्ही ठेवून घ्या."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "या भिंगाला तुम्ही बादलीवालं भिंग म्हणून नाकं मुरडत होतात. आज एकदम सोयरीक?"

"चालेल मला."

"चालेल म्हणून माणूस बूट घेतो. खरं काय ते बोला, मास्तर."

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मास्तरांनी काउंटरवरची भिंगाची एक टोपी उगाच सरळ केली, मग वाकडी केली, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. खांब, दादा, चष्मे, काळं कापड. "डोळे चाललेत बाई माझे. या भिंगात ते कळत नाही, म्हणून हे हवंय."

बाईंनी सांत्वन वगैरे काही केलं नाही. हात पुढे केला. "कॅमेरा द्या."

अकरा वर्षांत पहिल्यांदा मास्तरांनी तो दुसऱ्याच्या हातात दिला. बाई दारात गेल्या, खिडकीला डोळा लावला, दूरच्या पाण्याच्या टाकीकडे बघितलं. कडी शेवटपर्यंत फिरवली. मग उलटी फिरवून पुन्हा शेवटपर्यंत नेली.

"मलाही दोन दिसतायत," त्या म्हणाल्या.

मास्तरांना आधी वाटलं, बाईंचेही डोळे गेले. इतके दिवस एकाच दिशेने विचार करत राहिलं की माणसाचं असं होतं.

"असे बघताय काय! गळ्यातली टेप काढा." बाईंनी पन्नासचं भिंग चढवलं. टेपचं एक टोक कॅमेऱ्याशी, दुसरं भिंतीवरच्या कॅलेंडरशी. बरोबर सात फूट. मग त्यांनी खिडकीतून बघून कॅलेंडरची दोन चित्रं जुळवली आणि भिंगाच्या कडीवरचा आकडा मास्तरांपुढे धरला. सहा. "बघा! टेप म्हणते सात, हा म्हणतो सहा. माझ्या डोळ्याने जुळवलं तरी सहाच. चेहरा सात फुटांवर, गुडघे सहावर. म्हणून तुमचे बेकरीवाले गुडघ्यांत स्पष्ट. खोटं कॅमेरा बोलतोय, मास्तर. डोळे नाही."

मास्तर स्टुलावर बसले. कुणी बसा म्हटलं नव्हतं.

बाईंनी भिंग उतरवलं, बॅटरीचा झोत टाकून आत बघितलं. आत एक बारकं पितळी चाक असतं, भिंगाच्या पाठीला टेकून चालणारं. भिंग किती फिरलं ते चाक वरच्या खिडकीला कळवतं. बाईंनी चिमट्याने त्या चाकावरून काहीतरी सोलून काढलं आणि पांढऱ्या कागदावर ठेवलं. करड्या रंगाचा, नखाएवढाही नाही असा, दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखा घट्ट तुकडा.

"हा कापूस आहे," बाई म्हणाल्या. मग हुंगून म्हणाल्या, "आणि तेल. आत तेल कुणी घातलं?"

मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. चार महिन्यांपूर्वी भिंगाची कडी जराशी कुरकुरली होती. आणि कुरकुरणाऱ्या वस्तूला मास्तर एकच औषध जाणत. कात्री, दाराची बिजागरी, इस्त्रीच्या टेबलाचा पाय, लेकीची लहानपणची सायकल, सगळ्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. भिंग उतरवून त्या पितळी चाकालाही त्यांनी तोच प्रेमाने दिला होता. बाकीचं काम दुकानातल्या कापसाच्या धुरळ्याने केलं. चार महिने थर चढत गेला.

"मीच," ते म्हणाले. "एकच थेंब."

"डोळ्यांत तेल घालून काम करावं म्हणतात. पण म्हणून कॅमेऱ्याच्या?" आणि बाई हसायला लागल्या.

मास्तरही हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, पुन्हा पुसले, आणि मग लपवायचं सोडून दिलं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्यांना बासष्टाव्या वर्षी कळलं. चाक पुसून झाल्यावर बाईंनी कॅमेरा हाती दिला. दारातून दिसणारी पाण्याची टाकी एक होती. मास्तरांनी ती चार वेळा बघितली.

"भिंग कुठलं मग?" बाईंनी विचारलं.

"माझं. पन्नासचं."

"आणि बरं का, डोळेही दाखवून या. या वयात दाखवावेत."

तेच पाय, जे चार महिने उचलत नव्हते, ते तिथूनच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. वाचायचा नंबर थोडा वाढला होता. बाकी काही नाही.

घरी येऊन त्यांनी बायकोला पहिलं वाक्य सांगितलं ते असं, "अंगणच वाकडं होतं!"

"आणि वाकडं कुणी केलं?" सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं. मास्तरांनी विषय बदलला. ती काजाचं काम बाजूला ठेवून उठली, फळीवरचं काळं कापड घेऊन आली, टेबलावर पसरलं आणि खडू त्यांच्या हातात दिला. तिला सगळं केव्हाचं कळलं होतं. दादाच्या खुर्चीकडे नवरा हल्ली बघत नाही, एवढं तिला पुरलं होतं. फक्त काय बोलावं ते कळत नव्हतं, म्हणून ती थट्टा करत राहिली. हे तिने त्याच दिवशी सांगितलं.

कोट सहा दिवसांत झाला. रविवारी लेक स्टुलावर बसली. मास्तरांनी तिच्या डाव्या डोळ्यावर चित्रावर चित्र बसवलं आणि एकच फोटो काढला. दुसरा नाही.

सोमवारी ती कोर्टात उभी राहिली. बुधवारी फोटो आला. चेहऱ्यावर धुक्याचा लवलेश नव्हता, पापण्यांचे केस वेगळे दिसत होते. मायलेकी फोटो बघून खूश झाल्या. मास्तर मात्र तो उजेडात नेऊन बघत राहिले, आणि एकदम ओरडले, "चुकलाय!"

"काय चुकलाय?"

"टाका! डाव्या कॉलरवर, वरून तिसरा. वाकडा गेलाय."

लेकीने बघितलं. बायकोने चष्मा लावून बघितलं. काळ्यावर काळं, दोघींना काहीच दिसेना. "हा काय, हा!" म्हणत मास्तर टेबलाभोवती दोनदा फिरून आले.

"स्वतःची चूक सापडली म्हणून नाचणारा शिंपी पहिल्यांदाच बघतेय," बायको म्हणाली.

"उसवून नीट करून देता का मग, बाबा?" लेकीने विचारलं.

मास्तरांनी फोटो उलटा केला. पाठीवर तिची मापं लिहिलेली होती. खांदा, बाही, छाती, उंची. त्यांच्याखाली त्यांनी सावकाश लिहिलं: डावी कॉलर, वरून तिसरा टाका वाकडा. मग थोडं थांबून पुढे आणखी एक शब्द लिहिला, आणि फोटो खोक्यात लेकीच्या अक्षराला लावून ठेवला.

तो शब्द होता, दिसला.