पूजेचा हार आणि गोठ्यातला भोंगा

मेढ्याजवळच्या अक्काच्या गोठ्यात कॅमेरा बसवायचा ठरला, तेव्हा मी माधवनगरहून मुद्दाम गेलो. मागच्या खेपेला तिच्या म्हशीचं रेडकू आडवं आलं, वेळेवर कुणाच्या ध्यानात आलं नाही आणि ते दगावलं. आता म्हशीचे दिवस पुन्हा भरले होते. अक्काच्या जिवाला घोर होता.

शिरवळहून आलेल्या तंत्रज्ञाने समजावून सांगितलं. म्हैस सारखी उठबस करू लागली की भोंगा वाजणार. चित्रं लांब पाठवायची नाहीत. मेंदू इथेच, खांबावरच्या डब्यात. याला एज कंप्युटिंग म्हणतात. दूध केंद्रावरचा मोठा डबा सगळ्या गोठ्यांची खबर ठेवतो, ते फॉग. आणि पार लांबच्या शहरात क्लाउड, तिथे नुसता निरोप जातो.

दाजी फौजेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "म्हंजी ह्यो शेंट्री, केंद्रावरचा हवालदार, आन् लांबचा सायब. शेंट्री गोळी झाडाय सायबाला इचारत बसत न्हाई. कळलं."

"शंभरात नव्वद वेळा बरोबर सांगतो," तंत्रज्ञ म्हणाला.

"कुठल्या शंभरात?" मी विचारलं.

"चाचणी मोठ्या फार्मवर झालीय, काका."

त्या फार्मवर कॅमेऱ्याची पूजा करत नसावेत, हे मला नंतर सुचलं. कारण तो जाताच अक्काने नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि कॅमेऱ्याला झेंडूचा लांबलचक हार घातला. वारा आला, हाराचं टोक भिंगासमोर हललं आणि भोंगा बोंबलला. आम्ही धावलो. म्हैस रवंथ करत होती. चहा ओतला, पुन्हा भोंगा, पुन्हा धावलो. तिसऱ्यांदा म्हशीने आमच्याकडे बघायचंही सोडलं.

"अक्के, हार काढ."

"पूजेचा हार त्याच दिशी काढत्यात व्हय रं? वाळला की काढीन."

"तवर ह्यो बोंबलणार," दाजी म्हणाले. "आन् खरा बोंबलला, की आमी म्हणणार हारच हाय."

मला भीती नेमकी त्याचीच होती. मी म्हणालो, "अक्के, पूजा यंत्राच्या मेंदूची ना? मेंदू डब्यात आहे. कॅमेरा नुसता डोळा. हार डब्यावर सरकव, म्हणजे काढला असं होत नाही."

तिला पटलं, पण शंका आली. "मग केंद्रावरच्या मेंदूला? आन् लांबच्याला?"

"सायबाला लांबनंच सलाम," दाजी म्हणाले.

हार सरकला. आम्ही जेवायला बसलो, तोच भोंगा.

दाजींनी निवांत भाकरी मोडली. "हार हाय. जेवा पाव्हणं."

"आवं, हार सरकवलाय न्हवं!" अक्का ओरडली.

ताटं टाकून धावलो. म्हैस आडवी झाली होती आणि रेडकाचा एकच पाय बाहेर आला होता. दाजींनी हात धुऊन आत अडकलेला दुसरा पाय अलगद सरळ केला. थोड्या वेळाने रेडी बाहेर आली. अक्का तिला पुसता पुसता रडत होती आणि आम्हाला शिव्याही देत होती.

रेडी उठून आईला लुचायला लागली, तेव्हा दाजींचा मोबाईल वाजला. रेंज आली असावी. क्लाउडवरून निरोप होता: म्हैस अस्वस्थ दिसते, लक्ष द्यावे.

दाजींनी तो सावधान उभं राहून वाचला.

"सायब उठलं," ते म्हणाले.