वर ये, मी हितंच हाय

मल्लिनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी चक्क हसलो. पहिलीपासून मी त्याला इतक्या थापा मारल्या होत्या की, गडी आज सगळ्याचं उट्टं काढतोय असं वाटलं. मग आठवलं, मल्ल्यानं उभ्या जन्मात एक थाप मारलेली नाही... फोन ठेवला, तर बाहेरचं सोलापूरचं ऊन पाण्याखालून बघावं तसं हलत होतं.

मल्ल्या डॉक्टर. लहान मुलांच्या हृदयाचा एमआरआय काढायचा. त्याच्या यंत्राचं चुंबक एवढं जबरी की सात रस्ता चौकातनं जाणाऱ्याच्या खिशातली किल्ली दवाखान्याकडं मान वळवते, असं मी गावभर सांगून ठेवलं होतं. आईबाप घाबरून किल्ल्या घरीच ठेवून यायचे. "तुझी एक तरी थाप कामाला आली," मल्ल्या म्हणायचा.

एकदा उजनीकाठच्या मासेमाराची नऊ वर्षांची काजल आली. जन्मतःच हृदयात दोष, तान्ही असताना शस्त्रक्रिया झालेली. आता झडपेतून रक्त मागं गळत होतं. उजवा कप्पा किती ताणलाय ते इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पुरतं दिसेना, आणि छाती पुन्हा उघडायची की थांबायचं, हे त्यावरच ठरणार होतं. पोरगी मात्र त्या बोगद्यात शिरायला तयार नाही. गुंगी देण्याआधी मल्ल्यानं मला बोलावलं. "लेका, तुझं तोंड आज सत्कारणी लाव. तिची भीती घालव."

आत गोष्ट ऐकवतो म्हटल्यावर ती जाऊन पडली. मी माईक धरला नि सुटलो. उजनीतल्या एका मरळ माशानं पाण्याची मोटार गिळली. तेव्हापासून त्याच्या तोंडातला फवारा थेट केम स्टेशनात पडतो, गाड्या तिथं आंघोळीला थांबतात... हेडफोनमधनं ऐकून काजल अशी खदखदली की पडद्यावर हृदयाच्या जागी नुसतं धुकं!

"गाढवा, तिनं श्वास धरून निपचित पडायचंय! तू तर नाचवलीस तिला!"

"काका, माशाचं पुढं काय झालं?" आतून आवाज.

मल्ल्यानं माईक हिसकावला. "काजल, बुडी मारतीस का?"

"आय मारू देत न्हाय."

"आज मार. श्वास घे... सोड... आता पाण्याखाली. हलायचं न्हाय."

यंत्र धडधडत राहिलं. पडद्यावर तिचं हृदय हळूहळू वर आलं, राखाडी, गाळातल्या शिंपल्यासारखं मिटत, उघडत... आम्ही दोघं बाप्ये श्वास धरून उभे.

"वर ये. मी हितंच हाय."

कप्पा तग धरून होता. छाती उघडायची घाई टळली, पण वरचेवर बघत राहायचं होतं. पुढं मल्ल्यानं ही वाक्यं आपल्या आवाजात यंत्रातच भरून ठेवली.

परवा काजलची तपासणी होती. डॉक्टरकाका गेले, हे मीच तिला बाहेर सांगितलं. ती तशीच आत गेली. नव्या डॉक्टरनं बटण दाबलं.

"श्वास घे... सोड... आता पाण्याखाली."

काचेपाशी माझाही श्वास थांबला. खोली हिरवी, गार झाल्यासारखी वाटली. वर कुठंतरी ऊन होतं...

"वर ये. मी हितंच हाय."

"तसाच आहे कप्पा. अजून थांबू," नवे डॉक्टर म्हणाले.

बुडी मारून यावं तशी केस मागं सारत काजल बाहेर आली. माझ्याकडं रोखून बघत म्हणाली, "गेले म्हणालात की! आत तर बोलत्यात. तुमी लई थापा मारता, काका."

"व्हय गं," मी म्हणालो. "थापच ती."