कोपऱ्यातली घोंगडी

राहू गावात हौसराव खताळांचं नाव काढलं की माणसं आधी हसतात आणि मग गप्प होतात. हसण्याचं कारण साधं आहे. हा माणूस कबड्डीपायी वेडा होता. घरी दोन एकर ऊस, चार म्हशी आणि दुधाच्या किटल्या अडकवायला एक एम-एटी गाडी. पण शिरूर-दौंड भागात कुठंही मैदान आखलं की म्हशींची धार बायकोच्या, म्हाळसाबाईंच्या गळ्यात मारून हे पसार. म्हाळसाबाई म्हणायच्या, "माझी सवत लाकडाची न्हाई, चुन्यानं आखल्याली हाय."

गंमत म्हणजे हौसराव स्वतः आयुष्यात एकदाही मैदानात उतरले नव्हते. लहानपण बापाच्या मेंढरांमागं गेलं, खेळायला कोण सोडतंय! पुढे बापाने मेंढरं विकली, राहूला जमीन घेतली, आणि स्थिरावलेल्या हौसरावांना कबड्डी दिसली ती बघण्यापुरतीच. मग त्यांनी बघण्याचंच काम असं मनावर घेतलं की खेळणाऱ्यांनी लाजावं.

सामना दुपारी चारला असला तर हे सकाळी सातला हजर. मैदानाच्या उगवतीच्या कोपऱ्यात, चुन्याच्या रेषेपासून हातभर मागे काळी घोंगडी अंथरायची, चारी टोकांवर चार दगड ठेवायचे आणि खुशाल भजी खायला निघून जायचं. परत येईपर्यंत हजार माणूस जमलेलं असलं तरी घोंगडी तशीच. खताळांच्या घोंगडीला पाय लावायचा नाही, हे पंचक्रोशीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिच्यावर गावची चार-पाच माणसं मावायची, आणि मधोमध लाल पटका बांधलेले हौसराव.

ते ओरडत नसत. बघत असत. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण शंभर मेंढरं तोंडावरून ओळखायची लहानपणची सवय कामी आली होती. सामना संपला की पहिल्या चढाईपासून शेवटच्या पकडीपर्यंत सगळा खेळ ते ओळीने सांगत. कोण कुठून शिरला, कुणाचा पाय कुणी धरला, कुणाचा दम कुठं तुटला, एक गोष्ट इकडची तिकडे होत नसे.

त्यांची धाकटी मुलगी सुषमा या घोंगडीवरच वाढली. पाचवीत ती घोंगडीवरून उठून मैदानात गेली आणि कॉलेजला जाईपर्यंत तालुक्यातली पहिल्या नंबरची चढाईपटू झाली. तिची एक खोड होती. मध्यरेषा ओलांडण्याआधी ती एकदा उगवतीच्या कोपऱ्याकडे बघायची. लाल पटका दिसला की निघाली. आणि सामना संपला की एम-एटीवर मागे बसून म्हणायची, "आबा, सांगा." मग घर येईपर्यंत हौसराव तिला तिचाच खेळ सांगत. "तिसऱ्या चढाईला घाई केलीस. कोपरा मोकळा व्हता, तुला दिसला न्हाई." तिला कोच होते, शिट्टी होती, पण खेळ कळायचा तो त्या गाडीवर.

दोन हजार पाच साली सुषमाची सोयरीक जमली. सणसवाडीच्या साहेबरावांचं घर. कंपन्या आल्या तशा त्यांनी शेतात बारा खोल्या बांधून कामगारांना भाड्याने दिल्या होत्या. मुलगा एका कंपनीत सुपरवायझर. सुपारी फुटली. सुषमाने बापाला एकच गोष्ट विचारायला सांगितली होती, लग्नानंतर खेळू देणार का. हौसरावांनी भीतभीत विचारलं. साहेबराव तंबाखू मळत म्हणाले, "बघितल्याबिगर काय सांगावं, पाव्हणं? एकदा खेळ बघू, मग सांगू."

हौसरावांना हे ऐकून हर्ष झाला. खेळ बघितल्यावर नाही म्हणेल असा माणूस जन्मला आहे यावर त्यांचा विश्वासच नव्हता. वेडा माणूस, सगळ्यांचे डोळे आपल्यासारखेच असतात असं समजून चालला होता.

त्याच महिन्यात शिरूरला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा लागली. दरवर्षी उघड्या मैदानावर व्हायची, पण यंदा एका नव्या प्रतिष्ठानाने ती अंगावर घेतली. चौकाचौकात फ्लेक्स लागले. फ्लेक्सवर बावीस नेत्यांची तोंडं होती, खेळणाऱ्या पोरीचं एकही नव्हतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! शिवाय तिकीट: गॅलरी पन्नास, खुर्ची दीडशे, आणि पुढचे सोफे पासवाल्यांना.

सुषमाची टीम फायनलला गेली. खेळाडूंच्या घरच्यांसाठी दोन पास मिळाले, ते तिने बापाच्या हातात ठेवले. "एक तुम्हाला, एक आईला."

हौसरावांनी ते पटक्यात खोचले आणि दुसऱ्या दिवशी सणसवाडीला जाऊन साहेबरावांना आणि विहीणबाईंना देऊन आले. पुढच्या सोफ्याचे पास व्याह्यांना द्यायचे नाहीत तर कुणाला? घरी सांगितलंही नाही. स्वतःची त्यांना काळजी नव्हती. घोंगडी होती ना.

फायनलच्या सकाळी सातला हौसराव शिरूरच्या मैदानावर पोचले. मांडव घालणारे बांबू रोवत होते. उगवतीचा कोपरा मोकळाच होता. घोंगडी अंथरली, चार दगड ठेवले. तेवढ्यात नागसेन भेटला. हा मूळचा राहूचा, एके काळचा गावच्या संघाचा चढाईवाला. हौसरावांनी त्याची शेकडो वेळा तारीफ केलेली. आता रांजणगावच्या कंपनीत कामाला होता, कारेगावात राहायचा.

"आबा, यंदा घोंगडीचं काम न्हाई बरं का," नागसेन म्हणाला. "गेट हाय, तिकीट हाय. माझ्याकडं पन्नासाचं एक जादा हाय, ते घ्या."

हौसरावांना रागच आला. "पोरीचा खेळ बघाया बापानं तिकीट काढायचं? तू खेळत व्हतास तवा तुझ्या बापानं काढलं व्हतं का?"

"तवाची गोष्ट येगळी व्हती, आबा."

"माती तीच हाय न्हवं?"

नागसेनने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. मोठ्या माणसाला किती आग्रह करायचा. जादाचं तिकीट त्याने कंपनीतल्या दोस्ताला दिलं.

दुपारी तीनला हौसराव बाजारातून परत आले तेव्हा मैदानाला चारी बाजूंनी कनात लागली होती. आतलं काही दिसत नव्हतं. गेटवर छातीला बिल्ला लावलेली पोरं उभी होती. हौसराव सवयीने सरळ आत निघाले.

"तिकीट, आबा."

"माझी घोंगडी हाय आत. कोपऱ्यात."

पोरं एकमेकांकडे बघून हसली. एकाने गेटमागे हात घालून काळी वळकटी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. "ही का? तितं सोफे आल्यात. आम्हाला वाटलं मांडववाल्याची हाय."

घोंगडीला चुना लागला होता आणि मधोमध कुणाच्या तरी बुटाचा ठसा होता. हौसराव तिच्याकडे बघत उभे राहिले. वीस वर्षांत पहिल्यांदा तिला कुणी हात लावला होता, आणि लावणाऱ्याला आपण काय केलं हेही ठाऊक नव्हतं. भांडायचं तरी कुणाशी?

"माझी पोरगी खेळतीय," ते म्हणाले. "सुषमा खताळ."

"मग पास मिळालं असतील की!"

मिळाले होते. ते घेऊन साहेबराव आणि विहीणबाई अर्ध्या तासापूर्वी जीपमधून उतरून आत गेले होते. आत निरोप धाडून एक पास मागवणं अवघड नव्हतं. पण व्याह्याला दिलेला मान परत मागायचा? हौसराव मेले असते तरी त्यांनी मागितला नसता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

शेवटी पटक्यातून शंभराची नोट काढून ते खिडकीपाशी गेले. सकाळी नको म्हटलेलं पन्नासाचं तिकीट आता मागत होते. खिडकीतल्या माणसाने बाहेर टांगलेल्या पाटीकडे बोट केलं. वाचता येत नाही म्हटल्यावर त्यानेच वाचून दाखवलं, "हाऊसफुल्ल."

मग हौसराव कनातीच्या बाहेरून चालत चालत उगवतीच्या कोपऱ्यापाशी आले. आपली जागा कुठं असणार याचा त्यांनी अंदाज घेतला, घोंगडी खांद्यावर टाकली आणि कापडाला नाक लावून उभे राहिले. त्यांच्यात आणि त्यांच्या जागेत आता एक कापड आणि एक सोफा होता.

कर्णा वाजत होता. त्यातून खेळ कमी आणि सत्कार जास्त. "सुषमा खताळ चढाईला..." एवढं ऐकू आलं की हौसराव कान टवकारायचे, आणि लगेच, "...आपल्या सर्वांचे लाडके नेते यांचं आगमन होत आहे, सर्वांनी टाळ्या वाजवाव्यात." टाळ्या वाजल्या. सुषमा बाद झाली का गुण घेऊन आली, ते त्या टाळ्यांत बुडालं. मधे खेळ थांबवून नारळ आणि फेटे झाले. गॅलरीतून शिट्ट्या यायच्या, हशा यायचा. हौसरावांना आवाजावरून खेळ ओळखता येईल असं वाटलं होतं. पण हा आवाजच त्यांच्या ओळखीचा नव्हता.

एकच गोष्ट पक्की ठाऊक होती. प्रत्येक चढाईआधी पोरगी या कोपऱ्याकडे बघत असणार. आणि तिला लाल पटक्याऐवजी सोफ्यावर बसलेले सासू-सासरे दिसत असणार. आपण काय करून बसलो हे त्यांना तिथं, कापडाला नाक लावलेलं असताना कळलं. त्यांना ओरडावंसं वाटलं, पण पोरीच्या खेळात ते कधी ओरडले नव्हते, आणि आता कनातीबाहेरून ओरडायचं तर काय म्हणून ओरडायचं?

दोन गुणांनी हार झाली. एवढं मात्र कर्ण्याने स्पष्ट सांगितलं.

गर्दी फुटली. साहेबराव फेटा बांधलेले बाहेर आले. खेळाडूचे पाहुणे म्हणून त्यांचाही सत्कार झाला होता. ते हौसरावांना बाजूला घेऊन गेले.

"पोरगी वाघीण हाय, पाव्हणं. खोटं बोलणार न्हाई."

हौसरावांच्या जिवात जीव आला. "मग लग्नानंतर..."

"थांबा. ऐका माझं." साहेबरावांनी आवाज खाली घेतला. "आमच्या मागं गॅलरीत पोरं बसली व्हती. आपल्या पोरींकडं बघून शिट्ट्या मारत्यात, आन् म्हणत्यात, पन्नास रुपयं दिल्यात, नुसती उभी काय ऱ्हाती! आमची ही बसली व्हती शेजारी, खाली मान घालून. शाळंच्या पटांगणात खेळली असती तर मी न्हाई म्हणलो नसतो. पण तिकीट लावून बायामाणसं बघायची, ह्याला काय म्हणत्यात ते तुम्हाबी ठावं हाय. आमची सून तितं न्हाई उतरायची."

साहेबराव वाईट माणूस नव्हते, हीच तर अडचण होती. वाईट असते तर दोन शिव्या देता आल्या असत्या. हौसराव हात जोडून उभे राहिले. हात दाखवून अवलक्षण ते हेच. पास दिले नसते, तर निदान आशा तरी शिल्लक राहिली असती. सोयरीक तिथंच मोडायला हवी होती, असं म्हणणारे आज पुष्कळ भेटतात. तेव्हा एकही नव्हता. हौसरावांनाही ते सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी धीर झाला नसता.

एम-एटी न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली. दिवस मावळतीला आला होता. सुषमा मागे घोंगडी मांडीवर घेऊन बसली होती.  ती म्हणाली, "आबा, सांगा."

 हौसरावांनी सुरुवात केली. "पयल्याच चढाईला तू डावीकडनं शिरलीस..."

"पयली चढाई आमच्या मायानं केली, आबा."

 हौसरावांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, पण मागे वळून बघितलं नाही. "मी आत न्हवतो, सुषमा. पास त्यांना दिलं. वाटलं, खेळ बघून तरी पाझर फुटंल." मग साहेबराव जे म्हणाले, तेही सांगून टाकलं. सांगताना त्यांचा आवाज फुटला. म्हाताऱ्याला असं रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

सुषमा रडली नाही. घोंगडीवरचा चुना झटकत राहिली. "मी सारखी बघत व्हते कोपऱ्यात," ती म्हणाली. "म्हणलं, आबा उशिरा येतील."

थोड्या वेळाने म्हणाली, "चला, गाडी घ्या. मी सांगते, तुम्ही ध्यानात ठेवा. हा शेवटचा हाय, चुकू नका."

आणि राहू येईपर्यंत तिने सगळा सामना सांगितला. पहिली चढाई मायाची, मोकळी, गुण नाही. दुसरी तिची, एक गुण. सातव्या चढाईला खेळ थांबवून फेटे बांधले, तेव्हा दम मोडला. शेवटच्या चढाईला उजव्या कोपऱ्यातल्या पोरीने घोटा धरला. हौसराव प्रत्येक चढाई तिच्यामागून म्हणत होते. दुसऱ्याचा खेळ कानाने घ्यायची त्यांची ती पहिलीच वेळ.

उन्हाळ्यात लग्न झालं. हौसराव पुन्हा कुठल्या मैदानावर गेले नाहीत; घोंगडी म्हशींच्या गोठ्यात, वासराच्या अंगावर. दिवाळीला सुषमा माहेरी आली. दुपारी जेवणं झाल्यावर बापाच्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आबा, सांगा."

हौसरावांनी सांगितलं. एक चढाई चुकली नाही. फक्त दर चढाईच्या आधी ते एक वाक्य जास्तीचं म्हणत होते. "तू कोपऱ्यात बघितलंस. मी व्हतो."

सुषमाने ते एकदाही दुरुस्त केलं नाही.