बायडाबाईचा समुद्र

राधानगरीच्या रानातून घाट उतरून कोकणात जायचं, असं कसबा बावड्यातल्या पहाटे फिरणाऱ्या मंडळींनी ठरवलं, तेव्हा पहिलं नाव बाळासोंनी दिलं. वय सदुसष्ट, आणि गुडघे त्याहून म्हातारे. कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

कारण होतं बायडाबाई. त्यांच्या या बायकोनं चाळीस वर्षांच्या संसारात एकच हट्ट धरला, समुद्र बघायचा. बाळासो दर वेळी म्हणायचे, "जाऊ की! पण धार कोण काढणार?" धार तीच काढायची. बाळासो कारखान्याच्या पाळीवर असायचे. आपल्या हाताला म्हैस पान्हा सोडत नाही, असं ते सांगत. म्हशीला कुणी विचारलं नव्हतं.

गेल्या वर्षी बायडाबाई गेली. दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर कावळा शिवेना. नातीचं लग्न करू, म्हैस विकणार नाही, भाऊबंदांनी सगळं कबूल केलं. कावळा ढिम्म. शेवटी बाळासो हात जोडून म्हणाले, "समुद्र दावतो तुला. शब्द हाय माझा." आणि कावळा झपकन खाली आला.

मग राहिला जीवखडा. चितेपाशी ज्यानं मडकं फोडलं, ज्याला दहा दिवस तिच्या नावानं पाणी पाजलं, तो दगड त्या दिवशी नदीत सोडायचा असतो. बाळासोंनी पायरीवरचा दुसराच गोटा उचलून पाण्यात टाकला आणि जीवखडा खिशात घातला. असली लबाडी घाटानं कधी पाहिली नसेल. तेव्हापासून वर्षभर तो खिशातच होता. धारेला बसले की ते त्याच्याशी बोलत. म्हैस पान्हा सोडत होती, अगदी मुकाट्यानं.

राधानगरीचा घाट त्यांनी बसत-उठत, कारवीच्या झुडपांना धरून उतरला. मंडळींतली पुढं चालणारी संयोगिता वळून वळून विचारी, "काका, जमतंय न्हवं?" "जमतंय की!" म्हणत ते खिसा चाचपून बघत.

खाली गाडी उभी होती. तिनं सगळ्यांना किनाऱ्यावर नेलं. तिथं वाळू जवळजवळ नव्हतीच. नजर जाईल तिथवर काळे, गुळगुळीत गोटे. मंडळी फोटो काढायला पळाली. बाळासो एका कडेला पाण्याशी बसले आणि जीवखडा तळहातावर धरला.

"बघ," ते म्हणाले. "केवढा हाय बघ."

आता सोडायचा, पण हात उघडेना. दाखवतो म्हणालो होतो, सोडतो कुठं म्हणालो, असाही वाद त्यांनी स्वतःशी घालून पाहिला. मग आठवलं. जोतिबाची जत्रा असो की भाचीचं लग्न, ही कधी निवांत टेकलीच नाही. दुपार कलली की धारेसाठी पदर खोचून उठायची.

त्यांनी दगड गोट्यांत ठेवला. लाट आली, गेली, गोटे खडखडले. कुठला तिचा, ओळखू येईना.  त्यांनी गुडघ्यांवर रांगत एक उचलला, दुसरा उचलला. एकही तिचा नव्हता.

"काका, चला! उशीर होतोय," संयोगितानं हाक मारली.

बाळासो उठले. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"तू ऱ्हा निवांत," ते पाण्याकडं बघून म्हणाले. "धार मी काढतो."